बुटकी गाडी आणि उंच वाघीण

मोटार रस्त्याने जाते आणि आगगाडी रुळावरून जाते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु मोटारच आगगाडीत बसून प्रवासाला निघाली तर? २०२५ सालच्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने हे प्रत्यक्षात आणले. रायगड जिल्ह्यातील कोलाड येथून गोव्यातील वेर्णा येथपर्यंत खाजगी मोटारी वाहून नेणारी गाडी सोडण्यात आली. ही बातमी वर्तमानपत्रांत झळकली तेव्हा जालना एमआयडीसीतील गॅरेजमध्ये काम करणाऱ्या काही तरुणांनी आमच्यापुढे एक प्रश्न टाकला. साधी मोटार जाईल हो, पण जिचे पोट जमिनीला टेकायला आलेले असते, ती बुटकी स्पोर्ट्‌स कार त्या वाघिणीवर चढणार कशी?

प्रश्न वरवर पाहता श्रीमंतांचा वाटतो. ज्याला सायकलचे पंक्चर काढतानाही खिसा चाचपावा लागतो, त्याला स्पोर्ट्‌स कारचे काय सोयरसुतक? परंतु वाचकहो, थोडा विचार करा. गाडी मालकाची असते, ती चढविणारा हात मात्र चालकाचा, क्लीनरचा, फिटरचा असतो. तो हात आपल्या वस्तीतला असतो. गाडीच्या पोटाला ओरखडा पडला की बोट पहिल्यांदा त्याच्याकडेच दाखविले जाते. म्हणून बुटक्या गाडीचे हे गणित मालकाला येवो न येवो, आपल्या मुलांना आलेच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

कोकणातील प्रयोग

वाहने वाघिणीवर चढवून नेणे कोकण रेल्वेला नवे नव्हते. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग खुला झाला आणि बरोबर एक वर्षाने, २६ जानेवारी १९९९ रोजी मालाने भरलेले ट्रक वाहून नेण्याची सेवा सुरू झाली. तिला ‘रो-रो’ म्हणतात. ट्रक स्वतःच्या चाकांवर चालत वाघिणीवर चढतो आणि मुक्कामी स्वतःच्याच चाकांवर उतरतो. क्रेन नाही, हमालीची उचलठेव नाही. घाटातील डिझेल वाचते, टायर वाचतात आणि चालकाच्या डोळ्यावरची झोपही वाचते.

२०२५ मध्ये हीच कल्पना मोटारींसाठी वापरण्यात आली. वीस वाघिणी आणि प्रत्येकीवर दोन, अशी एका खेपेला चाळीस मोटारींची सोय होती. कोलाडहून पहिली गाडी २३ ऑगस्टला ठेवण्यात आली. मोटार दुपारी दोन वाजेपर्यंत स्थानकात आणायची, गाडी सायंकाळी पाच वाजता सुटायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता वेर्ण्याला पोहोचायची, असे वेळापत्रक होते. एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये ठरले. मोटारीत बसून प्रवास करण्यास मनाई होती. माणसांसाठी वेगळे डबे जोडले होते आणि एका मोटारीमागे तिघांना जागा होती. वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचे तिकीट ९३५ रुपये, तर साध्या बैठकीचे १९० रुपये होते. एका खेपेसाठी निदान सोळा मोटारी मिळाव्यात अशी अट होती. प्रतिसाद बेताचाच मिळाला. पुढे सिंधुदुर्गातील नांदगाव रोड येथे थांबा देऊन तेथपर्यंतचे भाडे ५,४६० रुपये ठरविण्यात आले.

जालनेकरांना याचा लाभ किती? खरे सांगायचे तर फारसा नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे आणि ताम्हिणी घाट असे करीत कोलाड गाठायचे म्हणजेच चारशे किलोमीटरच्या घरात गाडी हाकायची. एवढे हाकल्यावर पुढचे अंतर वाघिणीवर बसून जाण्याची हौस कितीशी उरणार? पण यातून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. गाडी वाघिणीवर चढवा, ट्रकवर चढवा की गॅरेजमधल्या रॅम्पवर चढवा, चढाचे शास्त्र एकच आहे.

जगात काय चालते

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून सुमारे ५० किलोमीटरचा बोगदा आहे. १९९४ पासून त्यातून मोटारी नेणारी गाडी धावते. प्रवासी आपल्याच मोटारीत बसून राहतात आणि सुमारे ३५ मिनिटांत पलीकडच्या देशात उतरतात. स्वित्झर्लंडमध्ये डोंगराच्या पोटातील बोगद्यातून अशाच गाड्या जातात. कांडरश्टेग ते गोपनश्टाइन हा तेथील प्रसिद्ध मार्ग आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातील लॉर्टन ते फ्लोरिडातील सॅनफर्ड ही गाडी तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर कापते. तेथे मालकाने किल्ली द्यायची आणि मोटार रेल्वेच्या कर्मचाऱ्याने आत न्यायची, अशी पद्धत आहे. म्हणजे गाडी मालकाची आणि जबाबदारी दुसऱ्याच्या हातात, हे चित्र केवळ आपल्याकडचे नाही.

आपल्या देशातही कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारी मोठ्या संख्येने रेल्वेने जातात. आयुष्य संपलेले जुने प्रवासी डबे घ्यायचे, त्यांच्या खिडक्या-दारे बंद करायची, टोकाला मोठी दारे बसवायची आणि मोटारींसाठी वापरायचे, हा उपाय भारतीय रेल्वेने पूर्वीच केला. मोटारी एका टोकाने शिरतात आणि डब्यामागून डबा ओलांडत पुढे सरकतात. दोन डब्यांच्या मधल्या फटीवर लोखंडी पत्रा टाकलेला असतो. त्या पत्र्याची कडही बुटक्या गाडीला नडू शकते.

दुखणे कोठे आहे?

गाडीच्या तळापासून जमिनीपर्यंतच्या अंतराला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. आपल्याकडच्या साध्या मोटारीत ते १७० मिलिमीटरच्या आसपास असते. स्पोर्ट्‌स कारमध्ये ते १२० किंवा त्याहूनही कमी असू शकते. वेगात गाडी जमिनीला चिकटून राहावी, वळणावर कलंडू नये, म्हणून तिचे वजन खाली ठेवलेले असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातच सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार तयार केली होती, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. तेव्हा अशी गाडी रस्त्यात दिसली की लोक थांबून पाहत. आज ती जालन्याच्या रस्त्यावरही अधूनमधून दिसते आणि समृद्धी महामार्गावर तर सहज दिसते.

बुटकी गाडी चढावर तीन ठिकाणी घासते. चढाला सुरुवात होते तेथे पुढचा बंपर टेकतो. चढ संपून सपाटी लागते तेथे पोट टेकते. गाडी उतरताना शेपूट टेकते. यात पोट टेकणे सर्वांत वाईट. पोटाखाली ऑइल चेंबर असतो, सायलेन्सरची नळी असते आणि विजेवर चालणाऱ्या गाडीत तर बॅटरीच तळाशी असते.

आता गणित पाहू. भिण्याचे कारण नाही, सातवीतल्या मुलीलाही जमेल असे आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतराला व्हीलबेस म्हणतात. समजा ते २,५०० मिलिमीटर आहे. चढ पाचास एक आहे, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची मिळते. व्हीलबेसला चाराने भागा, ६२५ आले. त्याला चढाच्या आकड्याने, म्हणजे पाचाने भागा, १२५ आले. चढाच्या माथ्यावर गाडी मधोमध आली की तो माथा पोटाकडे साधारण १२५ मिलिमीटर वर येतो. गाडीची मोकळी जागा १२० असेल तर पोट टेकलेच म्हणून समजा. साध्या मोटारीला १७० मिलिमीटर जागा असते, म्हणून ती त्याच चढावरून काहीच न होता निघून जाते. मग पाहणारा म्हणतो, “कालची गाडी गेली, आजची का अडली? तुलाच चालविता येत नाही.” दोष चालविणाऱ्याचा नसून आकड्याचा असतो. तोच चढ दहास एक केला तर माथा फक्त ६२ मिलिमीटर वर येतो आणि बुटकी गाडीही सुखाने जाते.

बंपरचे गणित याहून सोपे आहे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून बंपरच्या टोकापर्यंत किती अंतर आहे ते मोजा. ते ९०० मिलिमीटर निघाले असे धरू. पाचास एक चढावर ९०० भागिले पाच, म्हणजे १८० मिलिमीटर उंचीचा बंपर हवा. बुटक्या गाडीचा बंपर १२० वर असतो. म्हणजे पोटाच्या आधी तोंडच आपटणार. दहास एक चढाला ९० पुरतात. आठास एक चढाला ११२ लागतात. तेथे आठ मिलिमीटर उरतात खरे, पण ब्रेक दाबला की गाडी तोंड खाली घालते आणि ते आठही संपतात. म्हणून जाणता चालक चढाच्या पायथ्याशी ब्रेक मारत नाही, पावलापावलाने गाडी सोडतो.

मोठा मोड, लहान मोड

मग चढ सगळीकडे दहास एकच का बांधत नाहीत? जागेमुळे. सपाट वाघिणीचा तळ रुळापासून साधारण सव्वा मीटर उंच असतो. पाचास एक चढाला सव्वासहा मीटर लांबी पुरते, दहास एक चढाला साडेबारा मीटर लागते. ट्रकचे पोट उंच असल्याने त्याला उभा चढ चालतो आणि ज्याने चढ बांधला त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा ट्रकच असतो.

यावर उपाय आहे आणि तो जालना एमआयडीसीतला कोणताही फॅब्रिकेटर एका दिवसात करू शकतो. एक मोठा मोड दोन लहान मोडांत वाटून टाकायचा. पाचास एक चढाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी दहास एकचा एकेक तुकडा द्यायचा. पायथ्याचा तुकडा गाडीच्या पुढे आलेल्या तोंडापेक्षा लांब हवा, माथ्याचा तुकडा निदान व्हीलबेसइतका लांब हवा. मग बंपरला एकदम १८० ऐवजी प्रत्येक मोडाला ९० एवढेच लागतात आणि पोटाला १२५ ऐवजी सुमारे ६२. जाड सागवानी फळ्या असोत की चेकर्ड प्लेट, तत्त्व तेच. फळ्या मात्र सरकणार नाहीत अशा बांधलेल्या हव्यात. चाकाखालून फळी निसटली तर गाडीपेक्षा बाजूला उभ्या असलेल्या क्लीनरच्या पायाला धोका अधिक.

या शहराने लोखंडावर पोट भरले आहे. येथील भट्ट्या आणि रोलिंग मिल यांतून सळई देशभर जाते. वेल्डिंगची ठिणगी अंगावर घेणाऱ्या मुलाला असा रॅम्प बनविणे कठीण नाही. उणीव असते ती आधी टेप लावून मोजण्याची.

चढविल्यानंतरची बांधणी

गाडी वर चढली म्हणजे काम संपले असे नाही. रेल्वे चालताना डबा डावी-उजवीकडे डोलतो आणि थांबताना, सुटताना धक्के बसतात. साध्या समजुतीने लोक गाडीचा सांगाडा खाली ओढून साखळीने करकचून आवळतात. येथेच फसगत होते. सांगाडा स्प्रिंगवर बसलेला असतो. प्रवासात तो खाली-वर होतो, साखळी क्षणभर सैल पडते आणि मग झटका बसतो. त्यापेक्षा चाकेच पट्ट्यांनी जखडणे चांगले, कारण चाक वाघिणीच्या तळावर थेट टेकलेले असते. चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला आणि गिअर टाकलेला, एवढे असले की गाडी जागची हलत नाही. पट्ट्याची कडी बंपरला किंवा सायलेन्सरला अडकवू नये. बुटक्या गाडीला ओढण्याचा हूक बहुधा टूलबॉक्समध्ये सुटा ठेवलेला असतो, तो आधी मागून घ्यावा. काही गाड्यांना पुढचे तोंड बटणाने थोडे उचलण्याची सोय असते. ती आहे का, हे मालकाला विचारण्यात कमीपणा नाही. गाडी हलली की वाजणारा भोंगाही बंद करून घ्यावा, नाहीतर रात्रभर वाजून बॅटरी उतरते.

ओरखडा कुणाच्या माथी?

आता मुद्द्याची गोष्ट. जालन्यात मोटारी नेणाऱ्या रेल्वेची सोय नाही, त्यामुळे अशा गाड्या लांब पाठवायच्या तर ट्रकवर चढवाव्या लागतात. आमच्या परिचयातील एका तरुणावर हे काम आले. गाडी बुटकी आहे, फळ्या लांब हव्यात, हे त्याने सांगून पाहिले. “वेळ नाही, चढव,” असे उत्तर मिळाले. गाडीचा तळ घासला आणि त्याचे पैसे दोन महिन्यांच्या पगारातून कापले गेले. त्याच्याकडे ना लेखी कागद होता ना मोजमाप. त्या दोन महिन्यांत घरी किराण्याची उधारी वाढली आणि धाकट्या बहिणीच्या क्लासची फी राहिली. ओरखडा गाडीच्या पोटावर पडला होता, चिमटा मात्र या घराच्या पोटाला बसला.

कायदा याबाबत काय सांगतो ते प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात ही तरतूद होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेल्या वस्तूचे नुकसान झाले तर पगारातून कपात करता येते, परंतु ते नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे किंवा चुकीमुळे झालेले असले पाहिजे. कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त असता कामा नये. आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही. ज्या चढावर गाडी चढणे गणितानेच अशक्य होते आणि ज्याने ते आधी सांगितले होते, त्याची हयगय कोठली?

मालकानेही एक गोष्ट तपासावी. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर त्या नेहमीच्या पॉलिसीत रस्त्याने, रेल्वेने वाहून नेताना होणारे नुकसानही धरलेले असते. फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर ते संरक्षण मिळत नाही. विमा कंपनीकडे मागता येणारी भरपाई गरिबाच्या पगारातून वसूल करणे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही.

आपण काय करावे?

गाडी हातात घेण्यापूर्वी चार मापे घ्यावीत: तळाची मोकळी जागा, बंपरची उंची, पुढच्या चाकापासून बंपरपर्यंतचे अंतर आणि व्हीलबेस. मग चढाची लांबी आणि उंची मोजावी. सगळे आकडे एका कागदावर लिहावेत, गाडीचे सर्व बाजूंनी आणि तळाचे फोटो काढावेत, कागदावर गाडी देणाऱ्याची सही घ्यावी. आकडा जमत नसेल तर “फळ्या आल्यावर चढवतो” असे नम्रपणे, पण ठामपणे सांगावे. यात उर्मटपणा नाही. सही देण्यास कोणी कुरकुर केली तर तोच इशारा समजावा. घरातील माता-भगिनींनीही पगाराची पावती पाहून कपातीचे कारण विचारावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

हे आजच का शिकायचे? जालन्यानजीक ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ साली झाली. पलीकडे शेंद्र्याला स्कोडाचा मोटार कारखाना २००१ पासून उभा आहे. या पट्ट्यात लोखंड, यंत्रे आणि वाहने यांची चढ-उतार वाढत जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. या कामाला माणसे लागतील. ती नुसती अंगमेहनतीची माणसे म्हणून आपली मुले तेथे उभी राहणार, की माप घेणारी, बांधणी तपासणारी, सही करणारी म्हणून, हे आज त्यांच्या हातात काय आहे यावर ठरेल. मोजपट्टी पन्नास-शंभर रुपयांना मिळते. ती खिशात ठेवून कामावर जाणाऱ्या तरुणाला “चढव म्हटले ना!” असे दरडावणे समोरच्याला थोडे जड जाते, हा आमचा अनुभव आहे. आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी या लेखातील गणित एकदा गॅरेजमधल्या रॅम्पवर स्वतः टेप लावून पडताळून पाहावे, आणि आपल्याबरोबरच्या ज्या मित्राला शाळेची पायरी फार चढता आली नाही, त्यालाही ते समजावून द्यावे.